रिसबुडांचं बारामतीवालं इंजिन

नारायण पेठेतल्या गोपाळकृष्ण रिसबुडांनी कशाला 'छान' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आमटी जमली की ते "मीठ लागलंय" म्हणत. ही त्यांची वाहवा आहे हे कळायलाच मंदाकिनीबाईंची लग्नानंतरची पहिली काही वर्षं गेली. मुलगी पाहायला आले होते तेव्हासुद्धा पोहे संपवून, बशी नीट कडेला सरकवून, रिसबूड आपल्या वडिलांना एवढंच म्हणाले होते, "हरकत नाही." तेवढ्यावर लग्न झालं, संसार झाला, मुलगी शिकून बंगलोरला नोकरीला लागली आणि रिसबूड टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त झाले. निरोप समारंभात खात्यानं दिलेल्या घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "आकडे रोमन आहेत. चारचा आकडा चुकीचा काढलाय."

निवृत्तीनंतर बाकीची माणसं टेकडीवर फिरायला जातात. रिसबूड इंजिनांच्या मागे लागले. खऱ्या नव्हे, हातात मावणाऱ्या. त्यातही साधी मोठ्या रुळावरची इंजिनं त्यांना वर्ज्य. ती कुणीही जमवतं, असं ते अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला आपण भाजीवाल्याकडून फुकट कोथिंबीर मागितल्यासारखं वाटावं. रिसबुडांना हवी होती अरुंद रुळांवरची, अडीच फुटी लाइनीवर धावणारी इंजिनं. आणि नेमकी तीच कुणी बनवत नव्हतं. परदेशातल्या कंपन्या डोंगरातलं एखादं निळं इंजिन काढायच्या, एवढंच. ते आलं की रिसबूड भिंगातून बघत आणि म्हणत, "खेळणं आहे."

अशाच न मिळणाऱ्या गोष्टींवर प्रेम करणारे पेठेत आणखीही निघाले. त्यांचं मिळून एक मंडळ झालं, 'अरुंदमार्गी रेल्वे प्रतिकृती मंडळ, पुणे'. मंदाकिनीबाई त्याला मनातल्या मनात 'हवं-हवं मंडळ' म्हणत. दर रविवारी सकाळी रिसबुडांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात ते भरे. दिवाणावरच्या फळीवर रुळांचं एक लंबगोल अंथरलेलं असे आणि त्यावर ते 'खेळणं' म्हणून हिणवलेलं निळं इंजिन गोल गोल फिरत असे. भोवती बसून ही पोक्त मंडळी कंपन्यांनी काय काय बनवायला हवं यावर बोलत. बार्शी लाइटचं हे, मूर्तिजापूरचं ते, पुलगावचं आणखी एक. कंपन्यांना या मंडळाचा पत्ताही नव्हता. पण म्हणून कंपन्यांच्या नालायकीबद्दल बोलायचं थोडंच थांबतं?

"यांना धंदाच करायचा नाही हो," बाळ सोवनी म्हणत. सोवनी बँकेतून मॅनेजर होऊन बाहेर पडलेले, सत्तरी ओलांडली तरी नाव बाळच. "मी उद्या दुकानात उभा राहतो खिसा उघडून. द्या म्हणतो बार्शीचं. आहे कुणाची हिंमत?"

"नाहीच," श्यामसुंदर देवस्थळी म्हणत. देवस्थळी कुणीही काहीही म्हटलं की त्याचा शेवटचा शब्द पुन्हा म्हणत. मंडळात त्यांना शांत विचारांचे समजत.

चहा आणताना मंदाकिनीबाईंच्या मनात यायचं, की इतक्या वर्षांत या तिघांनी मिळून पुठ्ठ्याचा एक सिग्नलसुद्धा कापलेला नाही. एकदा त्यांनी तसं विचारलंही. "स्वतः का नाही बनवत?" तिघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू देवळात बसलेल्यांना कुणी मूर्ती घडवायला सांगितलं.

"अगं, बनवणं हे उत्पादकाचं काम," रिसबूड म्हणाले. "आमचं काम बरोबर काय ते सांगणं."

मंडळाचा एक नियम होता. कुठलीही प्रतिकृती मंडळातर्फे योग्य ठरवायची तर एकमतानं. एकाचीही हरकत असेल तर विषय संपला. हा नियम रिसबुडांनीच घातला होता, आणि स्थापनेपासून मंडळानं एकही प्रतिकृती योग्य ठरवली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता.

एवढं सगळं असलं तरी एक इंजिन असं होतं, की त्याच्याविषयी बोलताना रिसबुडांचा आवाज खाली येई. दौंडहून बारामतीला जाणाऱ्या छोट्या गाडीचं. लहानपणी मे महिन्यात ते मामाकडे बारामतीला जात. दौंडला मोठी गाडी सोडायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या त्या बुटक्या काळ्या इंजिनाकडे धावायचं. पाण्याची टाकी त्याच्या अंगावरच, दोन्ही बाजूंना, खोगीर टाकल्यासारखी. एकदा ड्रायव्हरनं उचलून आत घेतलं होतं आणि शिट्टीची साखळी ओढू दिली होती. पुढे ती लाइन मोठी झाली, इंजिन कुठल्या भंगारात गेलं कोण जाणे. रिसबुडांनी मात्र ते डोळ्यांपुढून हलू दिलं नाही.

आता डोळ्यांचंच अवघड झालं होतं. पडद्याच्या मधोमध झीज सुरू झाली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, चालता-फिरता येईल, माणसं ओळखू येतील, पण बारीक काम, बारीक अक्षर हळूहळू जाणार. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रिसबूड मंदाकिनीबाईंना म्हणाले, "बारामतीवालं कुणी काढलंच, तर आता लवकर काढायला हवं." औषधाचं, इंजेक्शनांचं काहीच बोलले नाहीत. मंदाकिनीबाई त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ भांडी आवरत बसल्या. मंडळाविषयी त्यांना काडीची आस्था नव्हती. पण हे एक इंजिन या माणसाच्या हातात डोळे आहेत तोवर पडावं, असं त्यांना फार वाटायला लागलं.

आणि ते घडण्याची वेळही आली. देवस्थळींनी वारज्याला फ्लॅट घेतला, तो जयसिंग बराटे यांच्या जागेवरच्या इमारतीत. बराट्यांची शेती होती तिथं आता इमारती होत्या, आणि मागच्या बाजूला जयसिंगचा कारखाना. मिक्सरची झाकणं, गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग, असलं काहीबाही. मंदीत यंत्रं रिकामी पडली होती. देवस्थळींच्या तोंडून मंडळाचं ऐकून तो एका रविवारी मोठ्या गाडीतून आला आणि दिवाणखान्यात ऐसपैस बसला.

"मला इंजिनातलं शष्प कळत नाही," तो म्हणाला. "काकू, माफ करा हां. पण मला गिऱ्हाईक कळतं. तुमच्यासारखी येडी माणसं सगळ्या देशात हायत, नेटवर बघितलं मी. सगळी म्हणतात, पुण्याच्या रिसबुडांनी पास केलं तर घेऊ. तुम्ही एक इंजिन सांगा. मी सॅम्पल बनवतो. तुम्ही होय म्हणा, साचा काढतो. नाही म्हणा, मी माझ्या झाकणांना लागतो. आपला टाइमपास नको, तुमचाबी नको."

'येडी' या शब्दावर सोवनींनी भुवया उंचावल्या, पण पुढच्या वाक्यानं त्या खाली आल्या. रिसबुडांनी अर्थातच बारामतीवालं सांगितलं. पुढचे काही महिने ते जयसिंगला फोन करून आठवणी सांगत होते, जुने फोटो पाठवत होते, आणि फोन ठेवल्यावर "त्याला काही समजत नाही" म्हणत होते.

सॅम्पल आलं. जयसिंग ते रिसबुडांच्या हातात देऊन म्हणाला, "काका, रविवारपर्यंत तुमच्याकडं ठेवा. निवांत बघा."

रिसबुडांनी ते निवांत पाहिलं. दुपारी पेठेत सगळीकडे सामसूम असते तेव्हा मंदाकिनीबाई पाणी प्यायला उठल्या, तर हे खिडकीशी बसलेले. इंजिन तळहातावर, उजेडाकडे धरलेलं, अगदी डोळ्याला टेकवून. मधून पाहिलं तर पुसट दिसायचं म्हणून मान वाकडी करून, कडेनं पाहत होते. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं, बोटानं हळूच ढकललं, आणि ओठांतल्या ओठांत शिट्टीचा आवाज काढला. बाहत्तर वर्षांचा माणूस! मंदाकिनीबाई आवाज न करता मागे सरकल्या.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"बघू," रिसबूड म्हणाले.

रविवारी दिवाणखाना भरला. एरवी न येणारेही दोन-चार आले होते. जयसिंग खुर्चीच्या कडेला बसला होता. सगळ्यांचे डोळे रिसबुडांकडे. त्यांनी भिंग काढलं. भिंगातून त्यांना आता फारसं काही दिसत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मंदाकिनीबाईंना माहीत होतं.

"शिट्टी," रिसबूड म्हणाले.

"शिट्टीचं काय?" जयसिंग म्हणाला.

"छपराच्या पुढे लावली आहे. छपरावर हवी."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," सोवनी पुढे सरसावले. "आणि गोपाळराव, धुराडं बघा. हे धुराडं इंजिन कारखान्यात दुरुस्तीला जाऊन आल्यानंतरचं. पायऱ्या मात्र दुरुस्तीच्या आधीच्या. म्हणजे धुराडं असं होतं तेव्हा पायऱ्या अशा नव्हत्या!"

"नव्हत्या," देवस्थळी म्हणाले.

"याचा अर्थ," रिसबूड भिंग मिटत म्हणाले, "हे असं इंजिन जगात कधीही अस्तित्वात नव्हतं."

"आता हाय की काका," जयसिंग म्हणाला. "हे काय टेबलावर."

कुणी हसलं नाही. पुढे तासभर धुराडं चाललं. ज्यांनी बारामतीची गाडी जन्मात पाहिली नव्हती तेही बोलले. जयसिंगनं शेवटी विचारलं, "मग? होय का नाही?" रिसबूड म्हणाले, "या स्वरूपात मंडळ शिफारस करू शकत नाही." जयसिंगनं रुमालात इंजिन गुंडाळलं, मंदाकिनीबाईंना "येतो काकू" म्हणाला आणि जिना उतरला. मागे राहिलेल्यांनी आणखी एकेक कप चहा घेतला. मंडळानं दर्जा राखला याचा आनंद होता.

त्या आनंदात रिसबुडांची भूक गेली. फळीवरचं निळं इंजिनही त्यांनी झाकून ठेवलं. दुपारी ते खिडकीशी बसत, रिकाम्या टेबलाशी. एक दिवस म्हणाले, "रिव्हेट फार सुरेख जमले होते त्याचे."

मंदाकिनीबाईंच्या हातात निवडायची मेथी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "मग ते त्या दिवशी सांगायला जीभ झडली होती का?"

"अगं, पण शिट्टी..."

"शिट्टी गेली खड्ड्यात. ते सोवनी आणि देवस्थळी काय तुमच्या डोळ्यांचं औषध आणून देणार आहेत? चुका काढता म्हणून तुम्हाला चार जण विचारतात. होय म्हणालात तर तुमच्यात आणि देवस्थळींत फरक राहणार नाही, एवढीच तुमची भीती. उठा. चपला घाला."

रिक्षानं दोघं वारज्याला गेली. कारखान्यात जयसिंग मिक्सरच्या झाकणांच्या ढिगात उभा होता. रिसबूड यंत्रांकडे पाहत राहिले. मंदाकिनीबाईंनी कोपर मारलं.

"ते इंजिन," रिसबूड म्हणाले. "एकंदरीत पाहता, तसं, वाईट नव्हतं."

"म्हणजे चांगलं होतं?" जयसिंगनं विचारलं.

"हरकत घेण्यासारखं फारसं..."

"चांगलं होतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रोज दुपारी शिट्टी वाजवत होते तोंडानं."

रिसबुडांचे कान लाल झाले. जयसिंग हसला, पण लगेच गंभीर झाला. "काका, मला काय करायचं इथं सांगून? चौघांदेखत म्हणा. या रविवारी पुन्हा आणतो. शिट्टी बी छपरावर नेतो, तुम्ही म्हणता तशी. पण ही शेवटची खेप हां. सणाच्या ऑर्डरी आल्यात, पुढल्या आठवड्यात यंत्र रिकामं राहत नाही. तुम्ही छान म्हणा, सोमवारी साचा लावतो."

येताना रिक्षात मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. कर्वे रस्त्याच्या गर्दीत रिक्षा अडकली होती, म्हणून जमलं.

"म्हणा. छान झालंय."

"योग्य झालंय."

"छान."

"अगं, योग्य हा शब्द जास्त..."

"छान!"

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. रिसबूड खिडकीबाहेर पाहत पुटपुटले, "छान झालंय." घरी येईपर्यंत त्यांनी ते आणखी दोनदा म्हणून पाहिलं. तोंडाला चव येतेय असं दिसत होतं. रात्री दुसरी भाकरी मागून घेतली.

रविवारी मंदाकिनीबाईंनी शिरा केला. इतक्या वर्षांत मंडळाला त्यांनी चहापलीकडे काही दिलं नव्हतं. जयसिंगनं रुमाल सोडला. शिट्टी छपरावर होती. बुटकं, काळं, पोटाला टाक्या बांधलेलं ते इंजिन उजेडात उभं राहिलं आणि मंदाकिनीबाईंनासुद्धा, ज्यांना सगळी इंजिनं सारखीच दिसत, ते देखणं वाटलं.

रिसबूड घसा खाकरून उठले. तोंड उघडलं. शब्द आत तयार होता, मंदाकिनीबाईंना तो जवळजवळ दिसत होता.

"एक मिनिट, गोपाळराव," सोवनी म्हणाले. "आधी मी बोलतो. मी गेला आठवडाभर विचार करतोय. धुराड्याचं मी जरा ताणलं होतं. मी जाहीर सांगतो, हे इंजिन छान झालंय. अगदी हुबेहूब. बारामतीवालंच."

"बारामतीवालंच," देवस्थळी म्हणाले.

खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जयसिंगचा चेहरा उजळला. आता एकच होकार राहिला होता. रिसबूड उभेच होते. तोंड उघडंच होतं. त्यांनी सोवनींकडे पाहिलं. कुणाच्या मागून छान म्हणायचं, आणि तेही बाळ सोवनींच्या, हे मंदाकिनीबाई रिक्षात म्हणवून घ्यायला विसरल्या होत्या.

"हुबेहूब?" रिसबूड म्हणाले. "सोवनी, आपण बारामतीची गाडी पाहिली होती कधी?"

"फोटो पाहिलेत की."

"फोटो!" रिसबूड हसले. "मी साखळी ओढलेली आहे तिची. हा काळा रंग बघा. चकचकीत. लग्नाच्या बुटासारखा. ते इंजिन धुरानं, तेलानं मळलेलं, करड्यावर गेलेलं होतं. याला हुबेहूब म्हणायचं तर मग मंडळ हवंच कशाला?"

"रंगाचं काय, पावडर मारतो," जयसिंग घाईनं म्हणाला. "काका, साच्याला रंग नसतो. साचा पास करा तुम्ही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"अहो," मंदाकिनीबाई दारातून म्हणाल्या.

रिसबुडांनी त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, बसतील खाली. पण सोवनी म्हणाले, "गोपाळराव, आता हट्ट नको, मी सांगतो म्हणून," आणि मग काही उरलं नाही.

"माझी हरकत नोंदवा," रिसबूड म्हणाले.

एकाचीही हरकत असली की विषय संपे. विषय संपला. जयसिंगनं शिऱ्याची बशी संपवली, चांगला झालाय म्हणाला, आणि उठला. इंजिन टेबलावरच राहिलेलं पाहून मंदाकिनीबाई ते घेऊन त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेल्या.

"राहू द्या काकू तुम्हाला," जयसिंग म्हणाला. "मी काय करू त्याचं? झाकणांत पडून राहील."

"मला? मला देताय?"

"तुम्हालाच. काकांना नाही हां. काकांनी पास कुठं केलंय?"

मंडळ पांगल्यावर मंदाकिनीबाईंनी ते इंजिन स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, उजेड चांगला होता तिथं. रिसबूड मागोमाग आले.

"ते तिथं का?"

"माझं आहे. जयसिंगनं मला दिलंय. तुम्हाला बघायचं तर बघा. पण त्याच्यात काय चुकलंय ते माझ्या स्वयंपाकघरात बोलायचं नाही."

रिसबूड गेले. दुपारी पाणी प्यायला आले. पाणी पिऊन झालं तरी गेले नाहीत. कट्ट्याशी वाकले, मान वाकडी केली, कडेनं पाहायला लागले. बोट पुढे केलं, टाकीवरून फिरवलं. मंदाकिनीबाई कणीक भिजवत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. बराच वेळ गेला. त्यांना वाटायला लागलं, की हा माणूस नुसता पाहू शकतो. तेवढं पुरे.

"तसं," रिसबूड म्हणाले, "शिट्टी आधी होती तिथंच बरोबर होती. छपरावर नव्हतीच ती. आता आठवतंय."

मंदाकिनीबाईंनी कणकेचे हात धुतले, पुसले. इंजिन उचललं, डाळींच्या कपाटात वरच्या फळीवर, हरभऱ्याच्या डब्यामागे ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

"अगं, मी फक्त..."

"चहा हवाय का?" त्यांनी विचारलं.